ख्रिस्ती दृष्टिकोनातून संस्था-नेतृत्वाची मास्टर्स करावी का? इंदूरच्या एका प्रशासिकेचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी इंदूरचा, वय 34. मिशनच्या एका शाळेत नऊ वर्षं आहे. आधी शिक्षक होतो, आता वसतिगृह आणि कार्यालय दोन्ही बघतो. बोर्डाने सुचवलंय की ख्रिस्ती दृष्टिकोनातून ऑर्गनायझेशनल लीडरशिपची मास्टर्स कर, पुढे संस्था तुलाच सांभाळायची आहे. मित्र म्हणतात, सरळ एमबीए कर. पाळकसाहेब म्हणतात, सेमिनरीत जा. ही पदवी खरंच कामाची आहे का, की भिंतीवर लावायचं आणखी एक प्रमाणपत्र?"

सप्रेम सलाम.

मी नर्सिंगमधून आले. चौदा वर्षं वॉर्डात आणि नंतर सतरा वर्षं माळव्यातल्या मिशनच्या रुग्णालयांत प्रशासनात काढली. ही मास्टर्स मी त्रेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून केली. वर्षातून दोनदा दोन-तीन आठवडे वर्गात बसायचं आणि बाकीचं वाचन-लेखन रात्री घरी, मुलांची जेवणं झाल्यावर. तेव्हापासून तुमच्यासारखी बरीच मुलं-मुली माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन आली आहेत.

माझं उत्तर: करा. मात्र नोकरी सोडून करू नका, आणि बोर्डाकडून तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय अर्ज भरू नका. त्या तीन गोष्टी शेवटी सांगते, कारण त्या का मागायच्या हे आधी कळायला हवं.

आधी हा अभ्यास कशाचा आहे ते बघू. लीडरशिप म्हटलं की आपल्याकडे भाषणकला आणि व्यक्तिमत्त्व विकास डोळ्यांसमोर येतो. हा अभ्यास त्याचा नाही. माणसं मिळून काम करतात तेव्हा निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं, बदल आला की लोक का अडून बसतात, भांडण वाढतं कसं आणि मिटतं कसं, संस्थेच्या सवयी कुठून येतात, हे त्यात शिकतात. जोडीला हिशेब वाचता येण्यापुरतं अर्थशास्त्र, मनुष्यबळ, नीतिशास्त्र, संशोधनपद्धती आणि शेवटी स्वतःच्या संस्थेवरचा एक प्रकल्प. अमेरिकेत ही पदवी देणारी ख्रिस्ती विद्यापीठं आहेत: स्पोकेनचं गोंझागा हे जेझुइट या कॅथलिक संघाचं, व्हर्जिनिया बीचचं रीजंट, पेनसिल्व्हेनियातलं ईस्टर्न. साधारण 30 ते 36 क्रेडिट, दीड-दोन वर्षं. आपल्या देशातही काही धर्मशिक्षण संस्था अशाच आखणीचे अभ्यासक्रम नोकरदारांसाठी चालवतात.

एमबीएत बाजार, भांडवल, उत्पादन, विक्री यांना जास्त जागा असते. तुम्ही रुग्णालयात असता आणि तुम्हाला बिलिंग, औषधसाठा, विमा हे सगळं बघायचं असतं, तर मी देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयएमएस या व्यवस्थापन संस्थेतला हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा एमबीए सुचवला असता. सेमिनरीत शास्त्राचा अभ्यास खोल होतो, तो प्रवचनासाठी आणि मंडळीच्या पाळकत्वासाठी. तुमचं काम यांच्या मधलं आहे. साठ मुलांचं वसतिगृह, चाळीस पगार, तीन भाषा बोलणारे कर्मचारी आणि वर एक बोर्ड. तुमच्या जागेला ही पदवी बसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले तिच्याकडे येते.

या सगळ्या अभ्यासक्रमांच्या मध्यभागी ‘सर्व्हंट लीडरशिप’ असते, सेवक-नेतृत्व. आधुनिक व्यवस्थापनात ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 साली एका निबंधात मांडली. ते पाळक नव्हते. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी हे लिहिलं. पंथाने क्वेकर. त्यांनी नेत्यासाठी एक कसोटी दिली: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक निरोगी, शहाणी, मोकळी, स्वतःच्या पायांवर उभी झाली का? आणि समाजात सगळ्यात खाली असलेल्याचं भलं झालं का, निदान त्याचं आणखी नुकसान तरी झालं नाही ना? ही कसोटी मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली होती.

आपल्याला ती परकी नाही. बायबलमध्ये मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की विदेश्यांचे अधिकारी त्यांच्यावर हुकमत गाजवतात, तुमच्यात तसं व्हायचं नाही. योहानाच्या तेराव्यात तो उठून कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. वर्षानुवर्षं उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी हा भाग ऐकूनसुद्धा एक बारकावा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो वर्गात आला. त्या खोलीत उठला तो सगळ्यात वरचा. त्याने पेत्राला ‘तू पाय धू, तुझ्यात नम्रता येईल’ असं सांगितलं नाही.

आपल्या संस्थांत नेमकं उलटं होतं. ‘सेवा’ हा शब्द आपण खालच्यांना सांगतो. आयाबाईने जादा पाळी केली तर ती सेवा. वसतिगृहाच्या वॉर्डनने दिवाळी-नाताळची सुट्टी सोडली तर ती सेवा. शिक्षकाला कागदावर एक पगार आणि हातात दुसरा, तर तीही सेवा. वरच्या खुर्चीपाशी पोहोचेपर्यंत या शब्दाचा अर्थ मानपत्र आणि शाल असा होऊन जातो.

मी हे केलेलं आहे, म्हणून सांगते. पहिल्या सत्रावरून परतल्यावर मी उत्साहाने कर्मचाऱ्यांची बैठक घेतली आणि हिंदीत सेवक-नेतृत्व समजावलं. मी तुमची सेवक आहे, असंही म्हणाले. बैठक संपल्यावर झाबुआकडची एक आयाबाई मागे थांबली. एकोणीस वर्षं ती व्हाउचरवर काम करत होती; तिला ना पीएफ, ना नेमणूकपत्र. ती शांतपणे म्हणाली, "बहनजी, सेवक हैं तो मेरा पक्का कब करवाओगी?" त्या प्रश्नापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत मी जे काही शिकले ते त्या एका वाक्याचं उत्तर शोधण्यासाठी शिकले. माझा शेवटचा प्रकल्प व्हाउचरवरच्या कर्मचाऱ्यांवर झाला. आमच्याकडे तसे सत्तावीस जण निघाले. ते सगळे पक्के व्हायला चार अंदाजपत्रकं लागली, आणि त्यासाठी एक गाडी आणि पाहुण्यांचा एक नवा बंगला लांबणीवर टाकावा लागला.

म्हणून कुठल्याही अभ्यासक्रमाची माहिती मागवाल तेव्हा बघा की त्यात कामगार कायद्याचा, पगाराचा, तक्रार निवारणाचा भाग आहे का. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. खासगी शाळांच्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून 2009 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 3 एप्रिल 1997 पासून लागू धरली गेली. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, असं 2013 चा कायदा सांगतो. हे माहीत नसलेला माणूस कितीही प्रार्थनाशील असो, त्याच्या हाताखालचे लोक सुरक्षित नसतात. नेतृत्वाचा ख्रिस्तीपणा मी पगाराच्या रजिस्टरात शोधते.

दुसरी गोष्ट अधिकाराची. पहिल्याच सत्रात आम्हाला एक काम दिलं होतं: संस्थेचा छापील आराखडा बाजूला ठेवा आणि एक आठवडा नोंद करा की कोणता निर्णय खरा कुठे होतो. मी माझ्याच टेबलावर मोजलं. एका दिवसात 41 सह्या. त्यातल्या 33 दुसरं कुणीही करू शकलं असतं. हातमोज्यांचा बॉक्ससुद्धा माझ्या सहीशिवाय स्टोअरमधून निघत नव्हता, आणि मी बाहेरगावी गेले की वॉर्ड खोळंबायचा. मला वाटत होतं की मी जबाबदारीने वागते आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो म्हणतो, हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. लहान गोष्टी त्यांनी सोडवायच्या, मोठ्या तुझ्याकडे. लोकही थकतील, हे इथ्रोचं म्हणणं आपण वाचून पुढे जातो. सगळं स्वतःवर ओढून घेणारा वरिष्ठ हाताखालच्यांना थकवतो, कारण त्यांचा अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. मी स्टोअरची पाच हजारांपर्यंतची सही वॉर्ड-सिस्टरना दिली. पहिले तीन महिने चुका झाल्या. नंतर खर्च कमी झाला, कारण कापूस किती लागतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तर प्रत्येक बोर्डाने वर्षातून एकदा वाचावा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, ‘एकीला तडा जातोय’ असंही म्हटलं नाही. सर्वांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प आणि बाकीची, सगळी ग्रीक. ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या हातात वाटप दिलं. आपल्या वसतिगृहात जेवणाची तक्रार झाली तर जेवणाच्या समितीवर कोण असतं? मुलांच्या मातांपैकी एखादी असते का?

तुमच्या अभ्यासात व्यवस्थापनाचे अभ्यासक एडगर शाइन यांचं संस्कृतीचं विवेचन नक्की येईल. त्यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले: डोळ्यांना दिसतं ते, संस्था तोंडाने सांगते ते, आणि कुणीच बोलत नाही पण सगळे धरून चालतात ते. भिंतीवरचा क्रूस आणि सकाळची प्रार्थना पहिल्या थरात. ब्रीदवाक्य दुसऱ्यात. तिसऱ्या थरात आपल्याकडे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. कोणाचे आजोबा कुठल्या वस्तीतून मिशनच्या आवारात आले, कोण कोणाचा जावई, कोणाचं घराणं मिशनरी साहेबांच्या जवळचं. माझे आजोबा अहमदनगरकडून इथे आले आणि इंदूरच्या छावणी भागात राहिले, त्यामुळे मला ही मोजमापं लहानपणापासून तोंडपाठ आहेत. जात आपण बाप्तिस्म्याच्या वेळी मागे ठेवली असं म्हणतो आणि नेमणुकीच्या वेळी ‘आपला माणूस’ शोधतो. अमेरिकेत लिहिलेल्या अभ्याससाहित्यात तुम्हाला यावर एक ओळसुद्धा सापडणार नाही. हा त्या अभ्यासक्रमांचा मोठा दोष आहे. तिथली उदाहरणं मोठ्या कंपन्यांची आणि मोठ्या चर्चची असतात, आणि खालचा माणूस वरच्याशी मोकळेपणाने बोलेल असं त्यांत गृहीत असतं. तुम्ही तुमच्या प्रकल्पात हा तिसरा थर घ्या. मार्गदर्शकाला समजावून सांगावं लागेल, तरी घ्या.

उदाहरणं आपल्या आसपास आहेत. सिस्टर राणी मारिया यांचं काम उदयनगरला, देवास जिल्ह्यात होतं. केरळहून आलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या दारातून बँकेच्या कर्जाकडे वळवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं, तेव्हा मी त्या गर्दीत होते. त्यांच्याकडे ना मोठं पद होतं, ना सहीचा अधिकार. तरीही शेतकरी कोणाच्या शब्दावर बँकेत गेले? पदाशिवाय माणसं कशी उभी राहतात, यावर मी लिहिलेला सगळ्यात चांगला निबंध त्यांच्यावरचा होता.

पैशाबद्दल थोडं लांबण लावते, कारण आपल्या संस्था तिथेच मोडतात.

प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर आहे, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी दोष देऊ नये. प्रभूसमोर आणि माणसांसमोरही जे चांगलं तेच करायचं. माणसांसमोरही, हे शब्द महत्त्वाचे. ‘देव बघतोय’ म्हणून ऑडिट टाळणारे लोक मी पाहिले आहेत. जुन्या करारातला नहेम्या राज्यपाल असताना बारा वर्षं पदाचा जेवणभत्ता घेत नाही, कारण लोक आधीच कर्जात बुडालेले होते. भत्त्यावर इतकं स्पष्ट लिहिलेलं उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आणि आपण तर इंदूरचे. होळकरांच्या कारभारात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ अशी दोन खाती वेगळी होती. अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत मंदिरं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्या खासगीतून. राज्याच्या दौलतीला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही. ज्या राज्यात अठराव्या शतकात हा भेद पाळला गेला तिथे राहून आपण शाळेच्या गाडीतून बोर्ड सदस्याच्या घरच्या लग्नाचे पाहुणे आणायचे, हे मला फार लागतं. माझ्या वर्गात मी हे उदाहरण सांगितलं तेव्हा नागालँडचा एक सहाध्यायी म्हणाला की हिंदू राणीचं उदाहरण ख्रिस्ती नेतृत्वाच्या वर्गात का? मी म्हटलं, माझ्या लेखा विभागातले दोघे हिंदू आहेत, ड्रायव्हर मुसलमान आहे. आमच्या संस्थेत काय चांगलं आणि काय वाईट हे त्यांनाही पटेल अशा भाषेत मला सांगता आलं पाहिजे. ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे फक्त ख्रिस्ती लोकांना समजणारा दृष्टिकोन, असा अर्थ घेतलात तर तुमची अर्धी संस्था बाहेरच राहील.

परदेशी देणगी येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, अभ्यासक्रमाची वाट न बघता आताच शिका. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. संचालक झाल्यावर सही तुमची असेल.

मान्यतेबद्दल थोडक्यात. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही धर्मशिक्षणाच्या जगातली मान्यता आहे, यूजीसीची नव्हे. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटला 1827 च्या डॅनिश सनदेचा आणि 1918 च्या कायद्याचा आधार आहे, पण त्यांच्या पदव्या धर्मशास्त्राच्या. पुढे मुख्याध्यापक व्हायचं असेल किंवा विद्यापीठातून पीएच.डी. करायची असेल, तर मान्यता नसलेली पदवी तिथे धरली जाणार नाही. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीने 2025 मध्ये वेगळे नियम केले आहेत. ते वाचल्याशिवाय, विशेषतः अभ्यासक्रम ऑनलाइन असेल तर, डॉलरात फी भरू नका. एका क्रेडिटची फी गुणिले 36 हा गुणाकार आधी कागदावर करा. सुदैवाने 2022 पासून यूजीसी दोन पदव्या एकाच वेळी करू देते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने एकीकडे मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची एम.ए. आणि दुसरीकडे हा अभ्यासक्रम असं केलं. दमली, पण दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या.

नोकरी सोडू नका असं मी का म्हणते? कारण हा अभ्यास प्रयोगशाळेशिवाय होत नाही, आणि तुमची प्रयोगशाळा म्हणजे तुमची शाळा. सोमवारी संघर्ष-निवारण वाचलं आणि गुरुवारी स्वयंपाकी आणि वॉर्डन भांडले की वाचलेलं हातात येतं. दोन वर्षं दूर राहून शिकलेला माणूस परततो तेव्हा त्याच्याकडे शब्द नवे असतात आणि माणसं अनोळखी झालेली असतात. भाषेचाही प्रश्न आहे. तुम्ही इंग्रजीत शिकाल, बैठक हिंदीत घ्याल, घरी मराठीत विचार कराल, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या आई-बापांशी भिली बोलणाऱ्या कुणाच्या तरी मदतीने बोलाल. प्रत्येक संकल्पना या चारही उंबरठ्यांवरून नेऊन बघा. ‘अकाउंटेबिलिटी’ मराठीत सांगायला गेले तेव्हा ‘उत्तरदायित्व’ कोणालाच कळलं नाही; ‘हिशेब द्यावा लागेल’ म्हटल्यावर सगळ्यांना कळलं.

आता बोर्ड. "पुढे संस्था तुलाच सांभाळायची आहे" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. ते बोलणारे वाईट नसतात. पण पाच वर्षांनी बोर्ड बदलतं, अध्यक्ष बदलतात, आणि शब्दाला साक्षीदार उरत नाही. वारसा ठरवणं किती कठीण असतं याचं आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातलं मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना, शेती, विणकाम सगळं मुलींच्या हातात दिलं होतं. आपल्यानंतर मुलगी मनोरमा बघेल, असं धरलेलं होतं. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी 5 एप्रिलला रमाबाई गेल्या. तरी मुक्ती मिशन चालू राहिलं. मला त्याचं कारण असं वाटतं की तिथे काम येणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. तेव्हा ‘तुलाच’ या शब्दावर भाळू नका. बोर्डाला सांगा की माझ्याबरोबर आणखी दोघांना तरी तयार करा, त्यांत एक बाई असू द्या.

तर त्या तीन गोष्टी. पहिली: फी कोण देणार, किती, आणि त्या बदल्यात किती वर्षं सेवेचा बाँड. बाँड असायला माझी हरकत नाही, पण त्यात तुमचं पद आणि पगारही लिहिलेला हवा. बांधिलकी दोन्ही बाजूंनी असते. मी स्वतः बाँडवर सही केली तेव्हा फक्त माझी बाजू लिहिलेली होती, आणि पदवी मिळाल्यावर अकरा महिने मी जुन्याच टेबलावर बसले. दुसरी: वर्गाच्या आठवड्यांची पगारी रजा, आणि त्या काळात तुमचं काम कोण बघेल त्याचं नाव. हे नाव लिहून घेतलं नाही तर तुमचं काम वसतिगृहाच्या वॉर्डनवर पडेल, आणि तोही ते सेवा म्हणून करेल. तिसरी, जी मागताना बोर्डाचे चेहरे बदलतील: तुमच्या प्रकल्पासाठी पगारपत्रक, नेमणूकपत्रं आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल बघण्याची परवानगी. ही परवानगी देत नसतील तर त्यांना पदवीधर हवाय, संचालक नकोय. मग स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी शिका आणि दुसरी संस्था शोधा. त्यात विश्वासघात काही नाही.

प्रवेश अर्जासोबत एक उद्देशपत्र लागतं. बहुतेक जण त्यात पाचारण, दर्शन, देवाने दाखवलेला मार्ग असं लिहितात. तुमच्या मनात ते असेल तर लिहा. पण त्याआधी या आठवड्यात तुमच्या शाळेतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाशेजारी बसून चहा घ्या, तो किती वर्षं आहे आणि त्याच्याकडे कोणते कागद आहेत ते विचारा, आणि उद्देशपत्राचा पहिला परिच्छेद त्याच्याबद्दल लिहा. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.